रिकामी खुर्ची

सभागृह आणखी मोठं करायला नगरपालिकेने पैसे काढले आणि वाचनालयाच्या गळक्या छपराला मात्र पुढच्या वर्षाचा वायदा दिला. जन्मात कधी आवाज न चढवलेले निवृत्त ग्रंथपाल या वेळी दारोदार फिरले. "सभागृह बारा महिने ओस असतं. सुनावणीला या आणि एवढंच सांगा."

"कुत्रंसुद्धा फिरकणार नाही," बायको म्हणाली.

सुनावणी त्याच सभागृहात होती, आणि अख्खं शहर लोटलं. खुर्च्या संपल्या, माणसं भिंतीला टेकून उभी राहिली. ग्रंथपालांना भरून आलं. म्हाताऱ्यांना ताटकळत कसं ठेवायचं, म्हणून त्यांनी धावपळ करून वाचनालयातल्या खुर्च्या आणवल्या. मग घसा खाकरून ते उभ्याने म्हणाले, "साहेब, इथे कुणी येतच नाही."

अध्यक्षांनी सभागृहभर नजर फिरवली. "काका, त्या लाकडी खुर्च्या कुठल्या?"

"वाचनालयाच्या."

"इथे कशाला आणल्यात?"

ग्रंथपालांना खोटं बोलता येत नसे. "इथल्या कमी पडल्या," ते पुटपुटले आणि आपल्या खुर्चीत बसू लागले.

बायकोने कोपर धरून त्यांना वर ढकललं. "बसू नका. एक तरी खुर्ची रिकामी दिसू दे."