सामानाची लिफ्ट

नियम हा माणसाच्या भल्यासाठीच असतो, यावर सोसायटीच्या सेक्रेटरींची अढळ श्रद्धा होती. म्हणूनच त्यांनी प्रत्येक मजल्यावर स्वतःच्या सहीनिशी नोटीस लावली: ‘कुत्रा बरोबर असल्यास फक्त सामानाची लिफ्ट वापरावी. इतरांनी ती वापरू नये.’

तेव्हापासून रोज सकाळी माणसांच्या लिफ्टपुढे ही रांग, आणि बाराव्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई मात्र आपला म्हातारा कुत्रा घेऊन सामानाच्या लिफ्टनं राणीसारख्या खाली.

रांगेपायी सेक्रेटरींचे ऑफिसात दोन लेटमार्क झाले. तिसऱ्याला मेमो ठरलेला. शेवटी लाज गुंडाळून ठेवून त्यांनी समोरच्या मास्तरीणबाईंची बेल वाजवली.

“बाई, पाच मिनिटं कुत्रा द्याल का?”

“अगंबाई! परवा तर याला बिल्डिंगबाहेर काढायला निघाला होतात!” बाई म्हणाल्या. “न्या. पण कडेवर घ्या हं, त्याचे गुडघे दुखतात. खाली वॉचमनकडे सोपवा.”

ते वीस किलोंचं धूड कडेवर सावरत सेक्रेटरींनी सामानाच्या लिफ्टचं बटण दाबलं. दार उघडलं. आत सातजण दाटीवाटीनं उभे होते, आणि प्रत्येकाजवळ एकेक उसना कुत्रा होता.

“जागा नाही हो सेक्रेटरी,” आतून कुणीतरी म्हणालं. एक कुत्राही काहीतरी म्हणाला.

 

तेवढ्यात शेजारी माणसांची लिफ्ट आली. आत लिफ्टमन एकटाच होता, त्यानं कुत्र्याकडे पाहिलं, नोटिशीखालची सही वाचली आणि दार लावून घेतलं.