बॉयलरखान्यातली धूळ

श्रीराम दुसऱ्या मजल्यावर पोचले तेव्हा त्यांना धाप लागली होती. मोसंब्यांची पिशवी त्यांनी बाकावर ठेवली आणि वॉर्डाकडे पाहिलं. दार लोटलेलं होतं. आत जायचा धीर होईना.

एवढ्यात किसनच जिना चढून वर आला. एका हातात औषधं, दुसऱ्यात पाण्याची बाटली. दाढी वाढलेली, गाल आत गेलेले, शर्ट खांद्यांवर नुसता अडकवल्यासारखा.

"साहेब? तुम्ही इथं?"

"तुझा पुतण्या भेटला राजवाड्याच्या चौकात, धम्मपाल. म्हणाला, मिलच्या धुळीचा आजार निघालाय, छातीच्या दवाखान्यात भरती केलंय. मग राहवलं नाही." श्रीरामांनी त्याच्या हातातल्या औषधांकडे पाहिलं. "औषधं आणायला तू स्वतः खाली गेलास?"

"दुसरं कोण जाणार जी? मुलगा पुण्याला. निघालाय म्हणतो."

"आणि वहिनी?"

"आत आहे. रात्रभर जागी होती. आत्ताच कुठे डोळा लागलाय."

दोघं बाकावर बसले.

मिल बंद पडून बरीच वर्षं झाली होती. तिचा भोंगा गेला, चिमणी गेली, यंत्रं भंगारात गेली. श्रीराम तिथल्या बॉयलरखान्याचे इंजिनिअर होते. आजोबा होळकर दरबारात कारकून, वडील मास्तर, आणि घराण्यात कारखान्यात शिरलेले हे पहिलेच. किसन महूच्या एका हवालदाराचा मुलगा. पोरसवदा वयात कामाला लागला तो थेट त्यांच्या हाताखाली.

काम सोपं वाटायचं. वाफेच्या नळांवर एस्बेस्टॉसचा जाड लेप चढवायचा, म्हणजे उष्णता बाहेर पडत नाही. पांढरी भुकटी पोत्यातून काढायची, पाण्यात हातानं कालवायची, थापायची. जुना लेप तडकला की हातोडीनं फोडून काढायचा. तेव्हा असा काही धुरळा उठायचा, की शेजारचा माणूस दिसू नये.

एकदा मुंबईचा एक इंजिनिअर मित्र श्रीरामांकडे जेवायला आला होता. तो म्हणाला, "ही भुकटी माणसं मारते रे. लगेच नाही, खूप वर्षांनी." श्रीरामांनी दुसऱ्याच दिवशी मॅनेजरकडे मास्कचा विषय काढला. मॅनेजर हसला. "श्रीरामजी, मास्क बांटोगे तो मजदूर घबरा जाएंगे." श्रीराम गप्प बसले. त्या दिवसापासून लेपाचं काम चालू असलं की ते दारातूनच सूचना देऊ लागले.

एक गोष्ट मात्र त्यांनी केली. किसनला बाजूला घेऊन म्हणाले, "या कपड्यांत राहत जाऊ नकोस. रोज घरी ने आणि स्वच्छ धुवून घे." कारण सांगितलं नाही. बाकीचे आठवडाभर तेच कपडे वापरायचे, किसन रोज धुतलेले घालून यायचा. एका संध्याकाळी मल्हारगंजात किसनच्या घरावरून जाताना श्रीरामांनी त्याच्या बायकोला, कांताबाईंना, अंगणात पाहिलं. धुण्याआधी त्या किसनचा शर्ट जोरजोरात झटकत होत्या आणि उन्हात पांढरा धुरळा उडत होता. चला, एवढं तरी आपल्या हातून झालं, असं त्यांना वाटलं होतं.

पुढे लेपाच्या कामावरचा बाबूराव खोकून खोकून गेला. मग आणखी दोघं. श्रीराम प्रत्येकाच्या अंत्ययात्रेला गेले, सगळ्यांच्या मागे मागे चालले. सियागंजाच्या बाजारात किसन सायकलवर दिसला की त्यांच्या जिवाला थोडं बरं वाटायचं. हा एक तरी वाचला.

आणि आता हा दवाखाना.

"त्रास फार होतो का रे?" त्यांनी विचारलं.

"रात्री जास्त. आडवं झालं की श्वास अडकतो. उशीला टेकून बसूनच रात्र काढावी लागते."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"उशीर झाला म्हणतात. निघतील तेवढे दिवस आपले."

श्रीरामांनी पिशवीतून एक मोसंबं काढलं. "सोलून देऊ?"

"राहू द्या जी. आता नुसता रसच जातो. तोही दोन चमचे."

श्रीरामांच्या हातातलं मोसंबं तसंच राहिलं. मग ते एकदम बोलले.

"किसन, मला माहीत होतं. त्या धुळीचं मला तेव्हाच कळलं होतं. नोकरी जाईल म्हणून तुमच्यापुढे मी तोंड उघडलं नाही. तुम्हा लोकांना आत पाठवत राहिलो आणि स्वतः दारात उभा राहिलो. तू मला शिव्या दे, कानाखाली मार, पण असा गप्प बसू नकोस."

किसन बाटलीचं झाकण फिरवत राहिला. मग म्हणाला, "शिव्या देऊन काय होणार, साहेब? आणि मी कुठल्या तोंडानं देऊ? अपराधी तर मी पण आहे. तुमच्यापेक्षा मोठा."

"तू? तू काय केलंस?"

किसन हातातली औषधं चाळवत राहिला. हा माणूस शेवटपर्यंत आपल्याला सांभाळून घेतोय, असं वाटून श्रीरामांचे डोळे भरून आले.

"वहिनींना सांगितलंस, कशामुळे झालं ते?"

"नाही. हिंमतच होत नाही. जन्मभर माझ्यासाठी खपली ती. तिला काय सांगू?"

"मग मी सांगतो. त्यांचे पाय धरतो."

"नको साहेब," किसन घाईनं म्हणाला. "ती तुमचं नाव फार आदरानं घेते. तेवढं राहू द्या."

वॉर्डाचं दार उघडलं. तरुण डॉक्टर सुमेधा बाहेर आल्या.

"काका, या आत. कांताबाई जाग्या झाल्यात, तुम्हाला विचारतायत. ऑक्सिजन वाढवलाय, पण जास्त बोलू देऊ नका." जाता जाता त्या थांबल्या. "आणि एक विचारायचं राहिलंच. मिलमध्ये त्या कुठल्या खात्यात कामाला होत्या?"

किसन उठून उभा राहिला.

"कांता? नाही जी. तिनं मिल आतून कधी पाहिलीच नाही."