फांदीच्या वरचे व्रण

सज्जनहो, मत्सर माणसास किती उंच चढवतो, ते आता कथन करतो.

विस्कॉन्सिनच्या रानात मोठ्या शिंगांचे हरीण दरसाल एल्डनच्या मेहुण्यालाच, रॉस्कोलाच मिळे. "दाजी, तुम्ही आपल्या खारी मारा!" तो हसे.

यंदा एल्डनने पहाटेच रॉस्कोचे पाइनचे झाड बळकावले. चढते मचाण खोडाला आवळून, बैठक आणि पायफळी आळीपाळीने सरकवत तो वर गेला. मचाणाच्या पोलादी दातांसारखे व्रण सालीवर आधीच होते; रॉस्कोच्याच मचाणाचे, असे त्याला वाटले.

पहिल्या फांदीशी मचाण अडले; खोडाला आवळलेला पट्टा फांदीपलीकडे सरकत नाही, सर्वांचेच अडते.

व्रण मात्र फांदीच्या वरही गेले होते. ताजे, चिकाने ओले.

खालून रॉस्को कुजबुजला, "दाजी, वर कशाला चढलात? मी तर बुंध्याशीच बसतो."

तेव्हा शेंड्याकडून ते व्रण करणारे दात सालीत रुतत, सुटत, खाली येऊ लागले.

वाचकांचा ऋणी, हॅरल्ड निमी.