पुढची जागा

प्रदर्शनात दादूच्या फोटोखाली ठळक लिहिलं होतं, ‘सर्व हक्क दादू मुळीक यांचे’. माझ्या फोटोखाली फक्त कुस्तीच्या आयोजकांचं नाव. माझा जळफळाट झाला.

चाळीस वर्षांपूर्वी कुस्तीच्या मैदानात आम्हा दोघा फोटोग्राफरांपुढे कागद आला होता: फोटोंचे हक्क आयोजकांचे. मी सही केली. दादूनं ती ओळ खोडली, म्हणून त्याला आखाड्याजवळून हाकललं. तो लांबच्या लिंबावर चढला आणि मी हसत त्याच्या जागेवर बसलो.

आज तो माझ्या फोटोसमोर खिळला होता. त्यात पैलवानाच्या पापणीवरची मातीसुद्धा दिसत होती. त्याच्या फोटोत पैलवान बोटाएवढे होते.

“चल लेका, नाव तर तुझंच गाजतंय,” मी टोमणा मारला.

तो हलला नाही. “नाव तू घे, तात्या. पण ती जागा माझी होती.”