वरून एक, खालून एक

दुपार कलली तसे दस्तगीर मिस्त्री असरच्या नमाजाला निघाले. वळणावर त्यांची टोपी दिसेनाशी झाली, तशी त्यांच्या बायकोनं, रहिमाबीनं, पदराखालचं खोडरबर काढलं.

सागवानाच्या फळीवर मिस्त्रींनी पेन्सिलीनं गाठ काढून ठेवली होती. आजही चूक होतीच. एका ठिकाणी पट्टी लागोपाठ दोनदा वरून गेली होती. रहिमाबीनं तेवढंच खोडलं, पट्टी खालून नेली आणि भुगा फुंकून टाकला. परत आल्यावर मिस्त्री याच रेघांवर पटाशी चालवणार होते, आणि लाकडात झालेली चूक काही खोडरबरानं निघत नाही.

ही नक्षी इथली, केज गावची नव्हे. आयर्लंड नावाच्या कुठल्याशा थंड मुलखातली. सेल्टिक गाठ म्हणतात तिला. एकच पट्टी स्वतःतच गुंतत जाते, एकदा वरून, एकदा खालून. तिला ना सुरुवात, ना शेवट. लेकीनं, यास्मिननं, मोबाइलवर दाखवली होती.

"अब्बा, दारं-खिडक्या लई केल्या. आता हौसेचं कायतरी करा," ती म्हणाली होती.

मिस्त्रींना नाद लागला तो लागलाच. असली गुंतवळ विकत कोण घेणार? पण हौसेला मोल नसतं.

मग यास्मिन तापानं गेली. पोरीनं पंचविशीसुद्धा गाठली नव्हती.

रहिमाबीनं भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. उठेना, बोलेना. कुणी घास भरवला तर गिळायची, नाहीतर तशीच पडून राहायची. स्वयंपाक मिस्त्रींच्या गळ्यात पडला. शेजारच्या बाया येऊन रडून गेल्या. मुलगा कामरान समजावून समजावून थकला. आईच्या दुःखापुढं कुणाचं काय चालणार?

त्यातच मिस्त्रींची नजर जायला लागली.

आधी भातात खडे लागले. एक दिवस ते सूप घेऊन तिच्या बाजेपाशी आले. "रहिमा, मला खडा दिसत न्हाई बग. जरा निवडतीस का?" ती पडल्या पडल्या निवडू लागली. दुसऱ्या दिवशी उठून बसली. मग भाजीत दोनदा मीठ पडलं, चहात साखरेऐवजी मीठ पडलं. तेव्हा मात्र ती कण्हत उठली आणि गॅसपुढं उभी राहिली. न दिसणाऱ्या माणसाला विस्तवाशी किती दिवस खेळू द्यायचं?

पुढं एकदा फळीवरची चूक तिच्या नजरेस पडली. तिनं जन्मभर नवारीच्या बाजा विणल्या होत्या. वरून एक, खालून एक, हे तिच्या बोटांना पाठ होतं. सांगायला तोंड उघडलं, पण जीभ रेटेना. लेक गेली, नजर चालली. आता लेकीनं लावलेला नादही गेला, तर हा माणूस कशावर जगेल? तिनं गुपचूप खोडलं.

तेव्हापासून रोज एक चूक. कधी या कोपऱ्यात, कधी त्या. ती शोधताना रहिमाबीचा जीव घटकाभर रमायचा, आणि रमला म्हणून तिची तिलाच लाज वाटायची.

मिस्त्री नमाजाहून आले. त्यांनी फळी अगदी नाकाशी धरली.

"बरी जमलीय का? मला समदं धूसर दिसतंय."

"लई झकास," रहिमाबी म्हणाली. "तुमचा हात चुकतो व्हय कदी?"

मिस्त्रींनी पटाशी उचलली.

गावात डोळे तपासायचं शिबिर लागलं, तेव्हा कामराननं विषय काढला. मिस्त्री ऐकेनात. "म्हातारपन हाय. त्याला दवा नसती बाबा," म्हणून टाळत राहिले. शेवटी शेवटच्या दिवशी कामराननं दोघांना आपल्या जीपमध्ये घातलं आणि मंगल कार्यालयापाशी नेऊन उतरवलं.

तपासणीच्या पडद्याबाहेर रहिमाबीनं डॉक्टरीणबाईंना गाठलं. स्वप्नाताई म्हणत होते सगळे त्यांना.

"बाई, खरं काय ते मला सांगा. त्यांना म्हना, ठीक हाय. त्यांना कळलं तर पटाशी ठिवून देतील. मंग ह्यो मानूस जगायचा न्हाई."

"बघू या, चाची. तुम्ही बसा इथं," स्वप्नाताई म्हणाल्या आणि मिस्त्रींना घेऊन आत गेल्या.

त्यांनी बॅटरी लावून डोळे पाहिले. यंत्रातून पाहिले. कपाळाला आठ्या घालून पुन्हा पाहिले. मग समोरच्या तक्त्याकडे बोट केलं. मिस्त्रींनी वरची मोठी अक्षरं वाचली आणि ते थांबले.

"पुढं न्हाई दिसत."

"चाचा, यंत्र खोटं सांगत नाही. वाचा."

मिस्त्रींनी एकवार पडद्याकडे पाहिलं. मग हळू आवाजात एकेक ओळ वाचत ते खालपर्यंत आले. शेवटची बारीक ओळ संपली, तर तिच्याखालचं छापखान्याचं नावही त्यांनी वाचून दाखवलं.

"अहो, तुमची नजर तर पोरासारखी आहे!" स्वप्नाताई खुर्चीवरून उठल्या. "चाची बाहेर किती घाबरून बसल्यात. थांबा, त्यांना आधी सांगते."

मिस्त्रींनी त्यांच्यापुढं दोन्ही हात जोडले.

"तिला सांगा, बाई, अजून कमी झालीय."