पाळण्यासमोरचा हिरवा दिवा

“वहिनी, फुकटचं काही डाउनलोड करू नकोस,” दीर म्हणाला, तेव्हा तिनं ते हसण्यावारी नेलं. मग एके दुपारी पाळण्यासमोरच्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्याचा हिरवा दिवा आपोआप लागला. तिनं धसकून कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली. दिरानं बाळाचे फोटो पेनड्राइव्हवर घेतले, लॅपटॉप साफ पुसला आणि ऑपरेटिंग सिस्टीम नव्यानं टाकली. “काढ आता पट्टी. मनातल्या शंकेच्या पालीलाही झोपव जरा!” तिनं पट्टी काढली. पण त्याच पेनड्राइव्हवर तिनं गुपचूप एक फुकटचं अंगाईचं ॲपही ठेवलं होतं. त्याशिवाय बाळ डोळा मिटत नसे, आणि अंगाई कुणाचं काय वाकडं करणार? संध्याकाळी बाळानं भोकाड पसरलं. तिनं पेनड्राइव्हवरचं ॲप लॅपटॉपवर टाकून अंगाई लावली. बाळ निजलं, हिरवा दिवा मात्र जागा झाला. तिनं तळव्यानं कॅमेरा झाकला. तुमचं बाळ कुठल्या पडद्यासमोर झोपलंय? उठा, बघून या.