क्युबाची पेटी

त्या लिमिटेड एडिशन क्युबन सिगारींच्या मोजक्याच पेट्या जगात निघाल्या होत्या. त्यातली एक अकोटात आली, तीही माझ्या मित्राकडे, कापसाच्या जिनिंगवाल्या देवानंदकडे. सात वर्षं त्यानं ती मुरवली. उन्हाळ्यात आम्ही घामानं निथळायचो अन् ह्याच्या सिगारी एसीत. मी विचारायचो, "कधी खोलतं?" तो म्हणायचा, "मुरू दे, पंजाबा." माझा नुसता जळफळाट व्हायचा.

काल त्यानं मुद्दाम मला अमरावतीहून बोलावलं. पेटी उघडली, पहिली सिगार कापली अन् माझ्याच हातात दिली. "आधी तू वढ."

एका झुरक्यात मी गार झालो. आधी भाजलेली कॉफी, मग गूळ, शेवटी जुन्या सागवानाचा वास. असं काही जन्मात तोंडाला लागलं नव्हतं. आणि अशा आणखी चोवीस त्याच्याकडे होत्या.

"कशी हाय?"

"काहीच नाही रे. नुसता धूर. याच्यापरीस बिडी बरी."

"खरं सांगतं?"

"तुह्याशी खोटं कायले बोलू?"

देवानंदनं मोठा श्वास सोडला.

"करोना झाल्यापासून मले कशाचाच वास येत नाही, पंजाबा. कोणाले सांगतलं नाही. जीव जळे, का एवढी मुरवली अन् आपल्याच नशिबात नाही." त्यानं अख्खी पेटी माझ्याकडे सरकवली. "बरं झालं, काही हुकलं नाही. जाता जाता फेकून दे."